200 ग्रॅमचा दर्यावर्दी

दिवाळीला गावी गेलात, सुट्टी संपली आणि सबमिशनच्या आठवणीनं पोटात गोळा आलाय? ठीक आहे, कॉलेज गाठा. पण नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला एक वीकेण्ड राखून ठेवा. कोकणातला समुद्राकडे उघडणारा एखादा सडा गाठायचा आणि मान वर करायची. नशीब असेल तर अमूर ससाणा दिसेल.

वजन 200 ग्रॅमपेक्षाही कमी, म्हणजे साधारण तुमच्या मोबाइलएवढं. जन्म रशियाच्या अतिपूर्वेला किंवा उत्तर चीनमध्ये. हिवाळा मात्र आफ्रिकेच्या दक्षिण भागात. वाटेत नागालँड-मणिपूरमध्ये पोटभर खायचं, भारत ओलांडायचा आणि मग थेट अरबी समुद्र. सोमालियापर्यंत अडीच-तीन हजार किलोमीटर, मध्ये टेकायला जागा नाही! ईशान्येचे वारे तेवढे पाठीशी. याच दिवसांत चतुरांचे थवेही समुद्र पार करतात. तोच या ससाण्यांचा वाटेतला डबा असावा, असं सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडलं.

हा प्रवास एकदा तुटता तुटता वाचलाय. 2012 मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयापाशी जाळी लावून हजारो ससाणे मारले जात होते. ते जगासमोर आलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी शिकार थांबवली. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांना सॅटेलाइट टॅग लावले गेले. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. यातलं पांगती हे तर शिकार थांबवणाऱ्या एका गावाचंच नाव.

आता ओळखायचा कसा? घारीचे पंख रुंद, शेपटी खाचेची. ससाण्याचे पंख लांब नि टोकदार. अमूरचा नर गडद राखाडी. पंखाखाली पांढरा, मांड्या विटकरी. संध्याकाळी उडते किडे टिपताना तो हमखास भाव खातो. सकाळी ऊन तापलं की गरम हवेवर स्वार होऊन उंच चढतो, तेव्हा दुर्बीण हवीच. पक्षिमित्रांकडून उसनी घ्या. तो नाहीच दिसला तर खाडीकडे वळा. दलदलीवरून खालून खालून तरंगणारा भोवत्या किंवा पाय पुढे करून पाण्यात झेपावणारा, मासे खाणारा कैकर भेटू शकतो. हेही हिवाळी पाहुणेच.

पहिल्या दिवशी बहुतेक काहीच दिसणार नाही. हरकत नाही. तारीख, वेळ, जागा लिहा आणि ‘ई-बर्ड’वर यादी टाका. ‘ससाणा दिसला नाही’ हीसुद्धा माहितीच असते. अशा असंख्य नोंदींतूनच कोणता पक्षी कधी येतो, कधी यायचा थांबला, हे कळतं. फक्त थवा रात्री मुक्कामाला उतरलेली झाडं दिसली, तर त्यांचं लोकेशन रीलमध्ये टाकू नका. ड्रोन तर नकोच.

समोर नुसतं पाणी, पलीकडे आफ्रिका, आणि एवढासा जीव निघालाय. तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहा. सबमिशन काय, रात्री जागून होतेच.