संगणकाचा पत्ता आणि वाट

पोलादपूरहून रस्ते फुटतात. कशेडी घाटाने खेडला जावे, आंबेनळीने महाबळेश्वरला. नुसता पत्ता ठाऊक असून भागत नाही. वाटही ठाऊक असावी लागते. संगणकांच्या जाळ्याचे तसेच आहे.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला जाळ्यात बसवायचे, तर चार गोष्टी सांगाव्या लागतात: स्वतःचा पत्ता, त्या पत्त्यातला कोणता भाग आपल्या जाळ्याचा, बाहेर जाण्याची वेस, म्हणजे गेटवे, आणि नावावरून पत्ता शोधून देणारा नेम सर्व्हर. बहुधा राउटर हे सारे आपोआप पुरवितो. परंतु ज्या यंत्राकडे इतरांना वारंवार जावे लागते, उदाहरणार्थ ग्रंथालयाचा मुख्य संगणक, त्याचा पत्ता कायम असलेला बरा.

लिनक्समध्ये ही मांडणी बहुधा साध्या मजकुराच्या फायलीत असते. ती कोणालाही वाचता येते, उतरवून घेता येते. नेटवर्क मॅनेजरसारखे कारभारी ती सांभाळतात. मात्र एकाच जोडणीवर दोन कारभारी नेमू नयेत. एकाने केलेले दुसरा मोडतो.

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले. अशा पुरात यंत्र गेले, तर ते पुन्हा विकत घेता येते. त्यातली मांडणी कोणी टिपून ठेवलेली नसेल, तर ती पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागते. म्हणून त्या फायलीची एक प्रत वरच्या मजल्यावर असावी. लिहिलेले टिकते, हे आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको!