एलिझाबेथ कुणाची लेक?

कुळाचा माग काढायचा तर नुसत्या आठवणीवर भागत नाही, लेखही लागतो. त्याची एक गोष्ट आम्ही सांगतो.

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून सुमारे १०० माणसे इंग्लंडहून अमेरिकेत गेली. प्लिमथ येथे त्यांनी वसाहत केली. त्यांत जॉन हाऊलंड हा तरुण होता. पहिले गव्हर्नर कार्व्हर यांच्याकडे तो चाकरीला होता. पुढे त्याने एलिझाबेथशी लग्न केले. त्यांना दहा मुले झाली.

ही एलिझाबेथ कुणाची लेक? वंशज सांगत आले, “गव्हर्नर कार्व्हरांची!” मोठे नाव कुणाला नको?

पण ब्रॅडफर्ड नावाच्या दुसऱ्या गव्हर्नरांनी वसाहतीची हकिकत स्वतः लिहून ठेवली होती. ती वही हरवली होती. १८५५ साली ती लंडनच्या बिशपांच्या ग्रंथालयात सापडली. तीत लिहिले होते की, एलिझाबेथ ही जॉन टिलीची मुलगी. टिली नवराबायको त्याच जहाजाने आली होती. पहिल्याच हिवाळ्यात दोघे वारली आणि पोर पोरकी झाली.

इंग्लंडात १५३८ पासून प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम होता. हेनलो गावच्या वहीत ३० ऑगस्ट १६०७ ला एलिझाबेथच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळाली. बापाचे नाव जॉन टिली. पोरक्या पोरीला तिचे आईबाप परत मिळाले!

म्हणून घरी मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत नोंद करावी. दाखल्यावरचे नाव स्वतः वाचून पाहावे. आता आपल्याला वाचता येते ना!