गाठीभोवतीची रेघ

कर्करोगाच्या रुग्णाचा स्कॅन झाला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मग लाइट कधीपासून?’ किरणोपचाराला आपल्याकडे कुणी ‘लाइट’ म्हणतं, कुणी ‘शेक’. डॉक्टर आठ-दहा दिवसांनी बोलावतात आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. आजार अंगात आहे, मशीन समोर आहे, मग थांबायचं कशाला? पण उपचाराचं सगळ्यात नाजूक काम याच दिवसांत होत असतं.

किरणांना गाठ ओळखता येत नाही. लिनॅक हे किरण सोडणारं यंत्र सांगू तिथे, सांगू तेवढे किरण टाकतं. ते कुठे टाकायचे, हे डॉक्टरांनाच आखून द्यावं लागतं. विल्हेल्म राँटजेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच वर्षी उपचारासाठी त्यांचे प्रयोग सुरू झाले. पण पुढची कित्येक दशकं डॉक्टरांपुढे असायची ती साधी एक्स-रे फिल्म. तिच्यात हाडं दिसतात, मऊ गाठ दिसत नाही. म्हणून हाडांच्या खुणेवरून भलामोठा चौकोन आखायचा आणि आतलं सगळंच भाजून निघायचं. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाचा मेंदू तपासला गेला, आणि शरीर कापाकापांनी बघता येऊ लागलं. सीटीतल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडाही असतो: पाणी शून्य, हवा उणे हजार. कुठल्या पेशीजालात किरण किती मुरतील, याचा हिशेब संगणक याच आकड्यांवरून मांडतो.

घशाच्या कर्करोगाचं उदाहरण घेऊ. आधी रुग्णाचा मुखवटा होतो. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावरून खांद्यांपर्यंत ताणून बसवतात. काही मिनिटांत तो त्या चेहऱ्याच्या आकारात घट्ट होतो. रोज याच मुखवट्यात, याच स्थितीत झोपायचं. मुखवटा घालूनच सीटी होतो. साधारण तीन मिलिमीटरला एक, असे शंभरावर काप संगणकावर येतात आणि डॉक्टर एकेका कापावर रेघा ओढू लागतात.

त्या रेघांची शिस्त १९९३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अहवालाने घालून दिली. पहिली रेघ दिसणाऱ्या गाठीची, म्हणजे जीटीव्ही. दुसरी सीटीव्ही: स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या, पण आजूबाजूला पसरल्या असण्याची शक्यता असलेल्या पेशींसाठी. ही रेघ सरसकट फुगवून चालत नाही. पुढे हवा असेल किंवा रोग न शिरलेलं हाड असेल, तर तिथे ती आत घ्यायची. मानेतल्या ज्या लसिकाग्रंथींकडे हा रोग जातो, त्या आत धरायच्या. तिसरी पीटीव्ही, रोजच्या झोपण्यात होणाऱ्या थोड्याफार फरकासाठी.

जे वाचवायचं, त्याच्याभोवतीही रेघा लागतात. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. गाठीला ७० ग्रे द्यायचे असतात, तर मज्जारज्जूला ४५च्या आसपास थांबायचं, आणि दोघांमधलं अंतर कधी कधी जेमतेम बोटभर. कानाखालच्या लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवलं, तर लाळ परत येण्याची आशा असते. नाहीतर पुढे भाकरीचा प्रत्येक घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागतो.

सीटी एकटा पुरत नाही. दातांतल्या धातूमुळे त्यात पांढरे फराटे येतात आणि जिभेच्या मुळाशी गाठ कुठे संपते ते कळत नाही. तिथे एमआरआयची प्रतिमा सीटीवर बसवून पाहतात. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर जास्त खाणाऱ्या पेशी उजळतात. पण साधी सूजही उजळते, आणि पडद्याची प्रखरता बदलली की गाठ लहान-मोठी दिसते. म्हणून दुर्बिणीने पाहिलेलं आणि बोटाने चाचपलेलंही रेघेत उतरावं लागतं. एवढं करूनही दोन तज्ज्ञांच्या रेघा तंतोतंत जुळत नाहीत. एकाने आखलेलं दुसऱ्याने तपासायचं, ही पद्धत त्यामुळेच मोलाची आहे.

या कष्टाचं फळ मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने मोजून दाखवलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांचा ‘पार्सर’ अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठ निघून गेल्यावर तिची जागा आणि लसिकाग्रंथींचा भाग आखून, आतडी वाचवत, रोज प्रतिमा पाहून किरण दिले गेले. तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम वा तीव्र त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के स्त्रियांना झाला, नव्या पद्धतीत २१.१ टक्के. निम्म्यावर आला.

आता मज्जारज्जू, लाळग्रंथी, डोळे अशा निरोगी अवयवांच्या रेघा संगणक काही मिनिटांत ओढून देतो. तासन् तासांचं काम वाचतं, आणि गर्दीने वाकलेल्या आपल्या रुग्णालयांना त्याची गरजच आहे. मात्र प्रत्येक रेघ डॉक्टरांनी तपासल्याशिवाय किरण सुरू होता कामा नयेत.

रुग्णाच्या हातातही बरंच असतं. ओटीपोटाच्या उपचारात सांगितलं तेवढं पाणी पिऊन, लघवी तेवढीच धरून या. मूत्राशय कमी-जास्त भरलं की आतली जागा सरकते. वजन उतरून मुखवटा सैल झाला, तर लगेच सांगा; गरज पडली तर नवा स्कॅन करून पुन्हा आखणी होते. उपचारासाठी अंगावर काढलेल्या खुणा घासून पुसू नका. आणि सणासाठी गावी जायचं म्हणून एकही सिटिंग चुकवू नका. फराळ चार दिवस उशिरा झाला तरी चालतो.