डी-जेट्रॉनिक काढण्याआधी

पोर्शे ९१४ ही १९६९ ते १९७६ या काळात जर्मनीत बनलेली दोन आसनी गाडी. इंजिन सीटच्या मागे, सहसा चार सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. बहुतेक गाड्यांना बॉश कंपनीचं डी-जेट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन होतं. आज विकायला निघणाऱ्या कितीतरी ९१४ मधून ते उपटून वेबर कार्ब्युरेटरची जोडी बसवलेली दिसते. त्यामागची कारणं ऐकली की वाईट वाटतं, कारण बरीचशी ऐकीव असतात.

गैरसमज: एवढा जुना कॉम्प्युटर कोण दुरुस्त करणार?

वस्तुस्थिती: त्यात कॉम्प्युटर नाहीच. १९६७ साली ही यंत्रणा फोक्सवागन १६०० मधून आली, तेव्हा मोटारीत मायक्रोप्रोसेसर नव्हता. कंट्रोल युनिटच्या पेटीत आहेत ते मोजके ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटर. ही पेटी क्वचितच दगा देते. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब एक सेन्सर मोजतो, डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी असलेले पॉइंट वेळ सांगतात, आणि इंजेक्टर जोडीजोडीने उघडतात: १ आणि ४, २ आणि ३.

बिघडतं ते आजूबाजूचं. समजा, थ्रॉटलच्या पुढचा एखादा रबरी होज तडकला. बाहेरची हवा आत शिरते, मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, सेन्सरला वाटतं इंजिनावर लोड आला, आणि पेटी जास्त पेट्रोल सोडते. आयडलिंग चढतं, ॲव्हरेज पडतं आणि ठपका बसतो इंजेक्शनवर. गंजलेलं अर्थिंग आणि कडक होऊन तुटलेल्या वायरी यांचंही तसंच.

प्रेशर सेन्सरच्या आतला धातूचा पातळ पडदा मात्र खरोखर तडकतो. तो तपासायला हाताने चालवायचा व्हॅक्युम पंप पुरतो. नळी सेन्सरला लावायची, पाऱ्याच्या १५ इंचांपर्यंत व्हॅक्युम ओढायचा आणि पंपावरच्या काट्याकडे बघत थांबायचं. काटा जागेवर राहिला तर पडदा शाबूत. सरकायला लागला तर गेला. नवा पडदा बसवून मिळतो. एवढं न करता सगळी यंत्रणा काढायला निघणं मला तरी पटत नाही.

गैरसमज: कार्ब्युरेटर लावले की ताकद वाढते.

वस्तुस्थिती: फोक्सवागन ४११ मध्ये १.७ लिटरचं इंजिन दोन कार्ब्युरेटरवर ६८ हॉर्सपॉवर द्यायचं. इंजेक्शनच्या ४११ ई मध्ये ते ८० झालं. उलटं उदाहरणही आहे. युरोपातल्या १.८ लिटरच्या ९१४ ला कारखान्यातूनच दोन कार्ब्युरेटर आणि ८५ हॉर्सपॉवर होती, अमेरिकेतल्या इंजेक्शनवाल्या गाडीला ७६. पण अमेरिकन इंजिनाचं कॉम्प्रेशन ७.३, युरोपीय इंजिनाचं ८.६. मोठा फरक तिथे आहे. मूळ कॅमशाफ्ट तसाच ठेवून वेबर लावले तर वाढतो तो मुख्यतः इनटेकचा आवाज, आणि आवाजाला लोक पिकअप समजतात.

एका ठिकाणी मात्र कार्ब्युरेटरवाल्यांचं म्हणणं रास्त आहे. इंजिन उघडून जास्त लिफ्टचा, लांब ओव्हरलॅपचा कॅम घातला, तर आयडलिंगला व्हॅक्युम कमी आणि अस्थिर होतो, आणि दाबावर चालणारी डी-जेट्रॉनिक गोंधळते. अशा इंजिनाला कार्ब्युरेटर लावणं योग्यच.

गैरसमज: काम सोपं आहे, एका दिवसात होतं.

वस्तुस्थिती: फियाट आणि अँबॅसिडरच्या काळात वाढलेल्या आपल्याला कार्ब्युरेटर म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने उरकायचं काम वाटतं. तिथे एकच कार्ब्युरेटर असायचा आणि जेट कारखान्याने ठरवलेले. इथे दोन कार्ब्युरेटर, प्रत्येक सिलिंडरला वेगळा घसा. चारही घशांतून सारखी हवा जाते का, हे फ्लो मीटर लावून जुळवावं लागतं. मेन जेट, आयडल जेट, एअर जेट, व्हेंचुरी हे सगळं इंजिनाप्रमाणे निवडावं लागतं. डिस्ट्रिब्युटरही बऱ्याचदा बदलावा लागतो. व्हॅक्युम ॲडव्हान्स नसलेला बसवला तर ॲक्सिलरेटर दाबताक्षणी गाडी अडखळते. उंच घाटात हवा विरळ झाली की मिश्रण रिच होतं, तिथेही जेट आपोआप बदलत नाहीत.

सगळ्यात धोक्याचा भाग पंपाचा. इंजेक्शनचा पंप सुमारे २ बार दाब देतो, वेबरला साधारण ०.२ बार पुरतो. जुनाच पंप ठेवला तर नीडल व्हॉल्व्ह दाब अडवू शकत नाही, कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर सांडतं. आग लागायला आणखी काही लागत नाही. कमी दाबाचा पंप आणि नव्या पेट्रोल नळ्या यांत काटकसर करू नका.

गैरसमज: जुन्या गाडीला कायदा विचारत नाही.

वस्तुस्थिती: कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना धूर तपासणीतून सूट आहे, १९७६ च्या ९१४ ला नाही. भारतात ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची, तर २०२१ च्या नियमांनुसार ती मूळ स्वरूपात असावी लागते; इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.

तरीही बदल करायचाच ठरला, तर काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका. कंट्रोल युनिट आणि प्रेशर सेन्सर इंजिनाप्रमाणे वेगवेगळे आहेत, १.७ लिटरचे २ लिटरला चालत नाहीत. सगळे भाग नंबरांसकट खोक्यात ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा ते खोकं नव्या मालकाच्या हाती द्या.