श्वासाची गोष्ट – भाग ६ : चुलीपुढची हवा

गेल्या आठवड्यात आपण शहरांच्या चौकांत हवा मोजत उभी असलेली यंत्रं पाहिली. आज त्या यंत्रांना न दिसणाऱ्या जागेत जाऊ : स्वयंपाकघरात.

माझ्या आजीच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. पावसाळ्यात सरपण ओलं असे. पऱ्हाट्या पेट घेईनात, की ती फुंकणी घेऊन चुलीशी वाके. वाशांना काजळीची जळमटं लोंबत. तिचे डोळे कायम लाल, आणि पहाटेचा तो खोकला. घरात कुणीच त्याला दुखणं मानलं नाही. वय झालं की बाया खोकतातच, एवढंच.

हा धूर मोजावा असं बरीच वर्षं फारसं कुणाला सुचलं नव्हतं. प्रदूषण म्हणजे कारखान्यांची धुराडी आणि मोटारी, अशीच समजूत होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधल्या चार खेड्यांत गेले. त्यांनी यंत्र भिंतीला टांगलं नाही, ते स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंगावर लावलं. छोटा पंप तिच्या श्वासाजवळची हवा ओढून घेई, कण गाळणकागदावर साचत, आणि मग त्या कागदाचं वजन करायचं. १९८३ साली आकडा प्रसिद्ध झाला : दर घनमीटर हवेत सुमारे ७,००० मायक्रोग्रॅम. आज आपल्याकडे हवेतल्या बारीक कणांसाठी (पीएम १०) चोवीस तासांची मर्यादा १०० आहे. (तुलना तंतोतंत नाही. तेव्हा लहानमोठे सगळेच कण तोलले होते, आणि तो आकडा फक्त चुलीपुढच्या वेळेचा होता. तरी अंतर बघा.)

स्मिथ यांचा पुढचा विचार मला सर्वांत मोलाचा वाटतो. वीजकेंद्राच्या उंच धुराड्यातून एक ग्रॅम धूर सुटला आणि चुलीतून एक ग्रॅम सुटला, तर दोन्ही सारखेच का? पहिला वाऱ्यावर पांगतो. दुसरा बंद खोलीत, बाईच्या आणि तिच्या कडेवरच्या लेकराच्या नाकाशी कोंडतो. तो कुणाच्या तरी छातीत जाण्याची शक्यता साधारण हजारपट. धूर किती निघाला, याच्या आधी तो कुणापाशी निघाला हे विचारायला हवं.

मग उपाय सुरू झाले. सरकारने सुधारित चुली वाटल्या. कित्येक घरांत धूर बाहेर नेणारी नळी काजळीने तुंबली आणि जुनी चूल परत आली. पुण्यात डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी कमी धुराच्या चुलींवर चिकाटीने काम केलं. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात स्मिथ यांच्या चमूने चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या घरांना धुराड्याची चूल दिली. तिथे बाळांपर्यंत पोचणारा धूर जवळपास निम्मा झाला, गंभीर न्यूमोनिया सुमारे तिसऱ्या हिश्शाने घटला. पण एकूण न्यूमोनिया कमी झाला, असं ठामपणे म्हणता आलं नाही. लाकडाची चूल सुधारत बसण्यापेक्षा गॅस आणि वीजच गरिबाच्या घरी पोचवावी, या मताकडे स्मिथ वळले. २०१६मध्ये उज्ज्वला योजना आली. सिलिंडर घरी आला खरा, पण पुन्हा भरायला पैसे नसले की भाकरी चुलीवरच.

मग गॅस सतत मिळाला तर? भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३,२०० गर्भवती स्त्रियांवर हे तपासलं गेलं. भारतातलं काम चेन्नईच्या डॉ. कल्पना बालकृष्णन यांच्या चमूने तमिळनाडूत केलं. त्यांतल्या काही जणींना शेगडी आणि गॅस दोन्ही फुकट. चूल वापरणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातले सूक्ष्म कण दर घनमीटर ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, गॅसवाल्या घरांत ते २४वर आले. तरीही बाळांच्या जन्मवजनात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. इतक्या वर्षांच्या कष्टांनंतर आलेला हा निकाल संशोधकांनी २०२२मध्ये जसाच्या तसा छापला, याचा मला फार आदर वाटतो.

आणि २४ म्हणजे तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या ५ या वार्षिक मर्यादेच्या जवळजवळ पाचपट. घरातली चूल विझली तरी शेजारची पेटलेली असते, पलीकडे कुणी कचरा जाळत असतं. पुढच्या भागात गल्लीतल्या त्या धुराकडे वळू.