हळदीची मात्रा

हिवाळ्यात सुरतच्या भाजीबाजारात ओली हळद आणि आंबेहळद येते. लिंबूमीठ लावून ती जेवणात घेतात आणि पोटाला चांगली म्हणतात. पण मोठ्या आतड्यात व्रण पडून रक्ताचे जुलाब होतात, त्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हा विश्वास टिकतो का? माझ्या मते टिकतो, पण मात्रेच्या अटीवर. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५० रुग्णांचं मेसालामीन हे नेहमीचं औषध चालू ठेवून काहींना रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, दिलं, बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या. महिन्याभरात कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा आजार शमला. दुसऱ्या गटात एकाचाही नाही. दिल्लीच्या एम्समधल्या चाचणीत मात्र रोज ४५० मिलिग्रॅम कर्क्युमिनने लाभ दिसला नाही. हळदपुडीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के असतं, म्हणजे ३ ग्रॅमसाठी शंभरेक ग्रॅम हळद लागेल. भाजीतल्या चिमटीकडून ही अपेक्षा करणं रुग्णावर अन्याय आहे.

कुणी म्हणेल, डांगच्या जंगलातला कुडा पिढ्यानपिढ्या जुलाबावर चालत आला, त्याला चाचणी कशाला? कुड्याची ख्याती मुख्यतः आमांशावरची, आणि आमांश जंतूंमुळे होतो. कोलायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते. लक्षण सारखं, कारण वेगळं. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हेही खरं नाही: मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून हळदीचा अर्क घ्यायचा तर पोटविकारतज्ज्ञाला सांगून, चालू औषधांच्या जोडीनेच.