स्टेपनीची जागा

बँकेत नोकरीला लागल्यावर पहिली काही वर्षं मला सगळे ‘स्टेपनी’ म्हणत. रजेवर गेलेल्या अधिकाऱ्याच्या जागी मला पाठवत, तो परतला की मी पुढच्या शाखेत. तेव्हा या शब्दाचा राग यायचा. तो कुठून आला हे पुष्कळ उशिरा कळलं. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाकच नसे. टायर फुटला की मालक रस्त्याकडेला बसून तो दुरुस्त करी. वेल्समधल्या लॅनेली गावी, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी १९०४ साली एक जोडचाक काढलं. हवा भरलेला टायर बसवलेली ती बिनआऱ्यांची धाव पंक्चर चाकाला कुशीतून आवळायची आणि घर गाठायचं. पुढे मोटारींना पूर्ण जादा चाक मिळालं, ते जोडचाक मोडीत निघालं, पण गल्लीचं नाव आपल्या तोंडी राहिलं.

गेल्या पावसाळ्यानंतर वज्रेश्वरीहून फोन आला. “साहेब, आपली जीप उभी करतोय. एकच सांगा, स्टेपनी कुठे होती? मागे की बाजूला?”

फोन करणारा आमच्या शाखेच्या ड्रायव्हरमामांचा मुलगा. १९८४ ते ८७ मी त्या भागात शेतीकर्जं पाहत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. म्हशी, बैलजोड्या, शिलाई मशीन यांची प्रकरणं करायची आणि मग ती म्हैस खरंच गोठ्यात आहे का, हे पाड्यापाड्यावर जाऊन बघायचं. त्यासाठी शाखेला जीप होती, १९७२ची. पुढे बँकेने ती लिलावात काढली आणि मामांनीच घेतली. अंबाडी नाका ते वज्रेश्वरी अशी भाविकांची ने-आण त्यांनी तिच्यावर केली. मामा गेले, जीप गॅरेजच्या मागे पडून राहिली.

मी बेधडक सांगून टाकलं, “मागे. अगदी मधोमध.”

मला शंकाच नव्हती. माझ्या एका कादंबरीत ही जीप आहे. चिखलातून दूर जाणाऱ्या गाडीच्या पाठीवरचं ते काळं गोल चाक मी त्यात हौसेने रंगवलंय.

आठवड्याने पुन्हा फोन. “साहेब, एकदा येऊन जाल का?”

गेलो. देवीच्या पायऱ्यांवर रविवारची गर्दी होती. वसई सर झाल्यावर, १७३९नंतर, चिमाजी अप्पांनी नवस फेडून बांधलेलं हे देऊळ किल्ल्यासारखं दिसतं. अकलोलीच्या कुंडांकडे लोक टॉवेल खांद्यावर टाकून चालले होते. गॅरेजमध्ये जीपचा सगळा रंग खरवडून काढलेला. मुलाने मागच्या चाकाजवळचा पत्रा दाखवला. कधीतरी भरून बुजवलेली भोकं वेल्डिंगच्या गाठींनी उमटली होती. स्टेपनीचा ब्रॅकेट तिथे, कुशीला होता. भाडोत्री धंद्यात मामांनी तो कापून काढला असणार. पाठीमागे मात्र एकही जुनं भोक नव्हतं.

खरं म्हणजे भोकं न बघताही मला कळायला हवं होतं. महायुद्धातल्या जीपला मागे उघडणारा फाळका नव्हता. मागची भिंत अखंड, म्हणून चाक तिच्यावर आणि शेजारी पेट्रोलचा डबा. युद्धानंतर विलीज कंपनीने शेतकऱ्यांसाठी जीप काढली, तेव्हा माल चढवायला मागे फाळका दिला. फाळक्यावर चाक लटकवून कसं चालेल? ते कुशीला गेलं. आमची सीजे-थ्री-बी त्याच वंशातली. आत उंच ‘हरिकेन’ इंजिन, म्हणून बॉनेटही उंच. १९५३ साली आलेलं हे मॉडेल अमेरिकेत १९६८ला थांबलं, आपल्याकडे महिंद्रने ते पुढे कैक वर्षं बनवलं. त्या फाळक्यातून आम्ही खताच्या गोणी आणि एकदा आजारी शेळी चढवली होती. शेळी आठवत होती, चाक मात्र मी युद्धपटांतलं उचललं होतं.

“लग्नवाले म्हणतात, मागे लाव, मिल्ट्रीसारखी दिसेल,” मुलगा म्हणाला. नवरदेवाला जीपमधून मिरवायची हौस सध्या आमच्या भागात जोरात आहे, आणि एका दिवसाचे पैसे बरे मिळतात. उलट २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. आणि तो क्रमांक घेतला की भाड्याने फिरवणं बंद. गाडीवर कर्ज काढलेल्या माणसाला हा सल्ला द्यायला मी, निवृत्त असलो तरी बँकवाला, कचरलो. तो म्हणाला, “नंबराचं मागाहून बघू. आधी बाबांची गाडी होती तशी होऊ दे.”

मग शोध सुरू झाला. कुर्ल्याच्या भंगार बाजारात तीन ब्रॅकेट मिळाले. दोन मागच्या भिंतीचे, तिसरा कुशीचा, पण त्याचा पाया आमच्या गाठींवर बसेना. आम्ही गाठींचा ठसा कागदावर काढून खिशात घेऊन हिंडत होतो. अखेर भिवंडीबाहेरच्या एका वाड्यात जीपची नुसती बॉडी सापडली, कुशीला ब्रॅकेट शाबूत. कागद लावला, भोकाला भोक जुळलं. मालक म्हणे बॉडी न्या, सुटं देणार नाही. घासाघीस झाली, सुटंच आणलं.

त्याचे बोल्ट मात्र गंजून तुटलेले. दुकानातून चाकाचे नवे बोल्ट आणले तर नट चढेचनात. टोकावर बारीक ‘एल’ कोरलेला होता. या जुन्या जीपच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, आम्ही नेमके तेच आणले होते. शेवटी यंत्रमागांचे सुटे भाग करणाऱ्या भिवंडीतल्या एका टर्नरने सुलट्या आट्यांचे बोल्ट कातून दिले. पैसे घेताना म्हणाला, “मागाचं काम कमी झालंय, असलं काही असेल तर आणत जा.”

परवा स्टेपनी चढवली. सहाशे-सोळाचा टायर, पाच भोकांची डिस्क. मुलगा चाक पोटाशी धरून वाकला आणि मला एकदम तानसेकाठची रात्र आठवली. पाऊस, पुढचं चाक बसलेलं, आणि मामा असेच गाडीच्या कुशीला वाकलेले. काढलेले नट चिखलात हरवू नयेत म्हणून त्यांनी ते माझ्या रुमालात दिले होते. मी कर्जप्रकरणांची फाइल छातीशी धरून उभा. आता दिसलं, ते गाडीच्या पाठीमागे गेलेच नव्हते.

“साहेब, पुस्तकात बदलणार का?” मुलाने विचारलं. मामांना वाचून दाखवायला त्याने ते कधीकाळी विकत घेतलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

“दुसरी आवृत्ती निघाली तर.”

“बाबा तेव्हाच म्हणाले होते, चाक चुकलंय. पण साहेबांना सांगू नको म्हणाले.”

त्याने नट माझ्या हातात दिले आणि पाना घेऊन तो पुन्हा वाकला.